गळाची काठी आणि तिची खोबण

चालत्या नावेमागे गळ ओढीत नेऊन मासा धरण्यास इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. जाळे ओढण्याच्या ट्रॉलिंगशी त्याचा संबंध नाही. नावांच्या साम्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. आमच्या सुरतेच्या समुद्रात हा प्रकार फारसा साधत नाही. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी इतक्या जोराची, की तापीच्या मुखापुढचे पाणी बहुधा गढूळच. आणि सुरमई तर डोळ्याने शिकार करणारी. तिला स्वच्छ पाणी लागते, ते रत्नागिरीकडे मिळते. आपल्यापैकी काहींची घरे अद्याप तिकडेच आहेत, आणि सुटीत गेलेली मुले मामाच्या नावेवर चढल्यावाचून राहत नाहीत. म्हणून हा धडा.

काही वर्षांपूर्वी आम्ही मिरकरवाड्याहून एका नातलगाच्या नावेवर गेलो होतो. काठी उभी ठेवण्याची नळी, म्हणजे रॉड-होल्डर, लाकडी काठाला दोन स्क्रूंवर बसविलेली होती. सुरमई लागताच नळी स्क्रूंसकट उपटली आणि काठीसह आमच्या भाच्याच्या कानाजवळून पाण्यात गेली. तांडेल म्हणाले, "मास्तर, मासा मोठा होता." घरी येऊन आम्ही हिशेब मांडला, तेव्हा मासा मोठा असण्याची गरजच नव्हती असे दिसले.

समजा, काठी नळीत २० सेंटिमीटर शिरते आणि बाहेर २ मीटर राहते. टोकाला काटकोनात ५ किलोचा ओढा पडला, तर तरफेच्या नियमाने नळीच्या तळाशी ५० किलोचा आणि वरच्या ओठावर ५५ किलोचा दाब पडतो. काठी वाकली की हा भुज आखूड होतो हे खरे. पण पहिला हिसका स्क्रूंनीच सोसावा लागतो.

म्हणून होल्डर स्क्रूंवर नव्हे, आरपार गेलेल्या गंजरोधक बोल्टांवर बसवावा. खालून सागाची फळी किंवा पोलादी पट्टी द्यावी. ती होल्डरच्या तळपट्टीहून मोठी हवी, म्हणजे भार पसरतो. फायबरच्या नावेत छिद्राच्या कडा सीलंटने बंद कराव्यात, नाहीतर आतले लाकूड पाणी पिऊन कुजते.

कोनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. काठी अगदी उभी ठेवली तर तरफेचा जोर सर्वांत जास्त. फार आडवी केली तर ओढा काठीच्या रेषेत येऊन ती नळीतून सरळ निसटते. उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश, मागे व किंचित बाहेर, हा मध्यम मार्ग चालतो. नळीच्या तळाची आडवी खीळ काठीच्या बुडाच्या खाचेत बसली की काठी गरगरत नाही. परंतु निसटणे ती थांबवीत नाही. त्यासाठी काठीला दोरी बांधून ती नावेच्या खुंटीला अडकवावीच. कोन बदलता येणाऱ्या होल्डरचे दाते पूर्ण बसल्यावाचून नट आवळू नये, आणि इंजिनाच्या थरथरीने तो सैलावतो म्हणून तासाभराने पुन्हा पाहावा.

रिळाचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या चौथाईवर ठेवावा. २० किलोच्या दोराला ५ किलो. तो हाताच्या अंदाजाने नव्हे, दोर ताणकाट्याला बांधून किनाऱ्यावरच पाहावा, आणि त्याच वेळी तळपट्टीवर नजर ठेवावी. गेल्या सुटीत काटा भाच्याने धरला. तळपट्ट्या हलल्या नाहीत, पण मागच्या होल्डरचा एक नट अर्धा फेरा आत गेला.