मुलांवर उपचार करणाऱ्यांच्या कौशल्याची पारख



दुसरीच्या वर्गातील एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो ‘काका’ऐवजी ‘ताता’ आणि ‘गाय’ऐवजी ‘दाय’ म्हणतो. मुले हसतात, म्हणून तो आताशा बोलेनासाच झाला आहे. वडील त्याला तालुक्याच्या गावी वाचोपचारकाकडे, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडे नेतात. बसभाडे, फी व बुडालेली मजुरी सोसून सहा महिने लोटतात. मग ते विचारतात, “गुरुजी, यांच्याकडेच जावे की कसे?” या प्रश्नाचे विचारपूर्वक उत्तर देता यावे, हा या पाठाचा हेतू होय.

नोंदणी : १९९२ च्या कायद्यान्वये वाचोपचारक व विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही अवमान नाही. परंतु नोंदणी म्हणजे उंबरठा, घर नव्हे.

अनुभव : केवळ वर्षे लोटल्याने कौशल्य वाढत नाही. अँडर्स एरिक्सन व त्यांचे सहकारी यांनी बर्लिन येथील व्हायोलिनवादकांविषयीचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. उणीव हेरून ती दूर करण्यासाठी हेतुपूर्वक केलेल्या सरावावर त्यांचा भर आहे. वादकाला चुकलेला सूर तत्काळ कानी येतो. उपचारकाचे तसे नाही. काही मुले वयोमानानेच सुधारतात आणि श्रेय उपचारास मिळते. ज्यांना गुण येत नाही, ती येणेच बंद करतात. म्हणून जो नोंदी ठेवीत नाही, त्याला आपली चूक वीस वर्षांतही कळत नाही.

यावरून पुढील कसोट्या निघतात :

१. उपचारापूर्वी तपासणी होते काय? उच्चारदोष असलेल्या मुलाची श्रवणतपासणी प्रथम व्हावयास हवी.

२. उद्दिष्ट मोजता येण्याजोगे आहे काय? ‘बोलणे सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘शब्दाच्या आरंभीचा क दहांपैकी आठ वेळा बरोबर येईल’ हे उद्दिष्ट होय.

३. प्रगतीची वही आहे काय? प्रगती खुंटल्यास पद्धत बदलली जाते काय?

४. घरी करावयाचा सराव आईवडिलांना करून दाखविला जातो काय?

५. आपल्या कक्षेबाहेरचे मूल दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठविले जाते काय? जो प्रत्येक मुलाला खात्रीने बरे करण्याची हमी देतो, त्याच्याविषयी सावध असावे.

शिक्षकाचे कार्य : निदान करणे हे आपले काम नव्हे, तसेच उपचारकाविषयी गावात मतप्रदर्शन करणेही उचित नाही. मूल कोणते शब्द कसे उच्चारते, याची दर पंधरवड्यास नोंद करावी व ती पालकांहाती उपचारकाकडे धाडावी. कुशल उपचारक तिचे स्वागतच करील. शंका राहिल्यास, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा मूल दाखवावे. तेथून त्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. आणि मुख्य म्हणजे, वर्गातील हसणे आजच थांबवावे. त्यासाठी कोणा तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील एका मुलासाठी मोजता येईल असे उद्दिष्ट लिहा.

२. वरील पाच कसोट्या आपल्या अध्यापनास लावल्यास आपण कितींत उतरतो?