भीमगडच्या अरण्यातील मुक्काम

निपाणीच्या तंबाखूच्या शिवारातून बेळगावमार्गे खानापूरकडे जाणाऱ्या प्रवाशास अवघ्या काही तासांत दोन भिन्न प्रदेशांचे दर्शन घडते. निपाणीचा परिसर मोकळा व बेताच्या पावसाचा. खानापूर ओलांडून पश्चिमेस वळताच मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट रान सुरू होते. या रानाचा सुमारे १९० चौरस किलोमीटरचा भाग कर्नाटक शासनाने डिसेंबर २०११ मध्ये भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित केला. शिवकालीन भीमगड किल्ल्यावरून त्यास हे नाव मिळाले. गोव्याची जीवनदायिनी म्हादई याच रानात उगम पावते, तर पूर्वेकडे वाहणारी मलप्रभा जवळच्याच कणकुंबीस. खानापूर तालुका १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि या रानातील वस्त्यांची घरची भाषा आजही मराठीच आहे.

अभयारण्यातील हेम्माडगा येथे वनविभागाचे निसर्ग शिबिर असून तेथे पर्यटकांस मुक्कामाची सोय आहे. पूर्वी अशा ठिकाणी वनखात्याचे विश्रामगृह असे व त्यात बहुधा फिरतीवरील अधिकारी उतरत. आता शाळांच्या सहली, शहरातील कुटुंबे व पक्षिनिरीक्षक येतात. पर्यावरणस्नेही निवास, इको लॉज अशी नावे अशा ठिकाणांना दिली जातात. नाव देणे सोपे असते. ते सार्थ ठरविण्यासाठी रानाचे स्वरूप आधी समजून घ्यावे लागते.

जगात पर्जन्यवने दोन प्रकारची आहेत. उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा, दक्षिण चिली, न्यूझीलंड व टास्मानिया येथील समशीतोष्ण पर्जन्यवनांत वर्षातील बहुतेक महिने पाऊस व धुके असते, हवा थंड असते आणि खोडांवर शेवाळाचे जाड थर चढतात. भीमगडचे वन त्या जातीचे नाही. ते उष्ण कटिबंधातील सदाहरित व निमसदाहरित वन आहे, आणि त्याचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने हे रान त्या पावसाची बेगमी पुरवून वापरते. पालापाचोळ्याचा थर व झाडांची मुळे पाणी धरून ठेवतात, ते झिरपत ओढ्यांना मिळते, आणि घळींतील झाडे उन्हाळ्यातही हिरवी राहतात. वरच्या उतारांवरील ऐन, किंजळ, नाणा यांची पाने मात्र गळतात.

मुक्कामाच्या व्यवस्थेचा पहिला प्रश्न यातूनच उद्भवतो. पर्यटकांची गर्दी पावसाळ्यानंतर वाढते व उन्हाळी सुटीपर्यंत राहते. नेमक्या याच काळात ओढ्यांचे पाणी उतरत जाते. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या यांना ज्या डोहावर यावे लागते, त्याच डोहाचे पाणी नळाने स्नानगृहात आले, तर त्या निवासास पर्यावरणस्नेही कसे म्हणावे? पावसाचे पाणी साठवणे, बादलीने स्नान करणे, सांडपाणी मातीतून गाळून झाडांना देणे या गोष्टी दिसण्यात किरकोळ आहेत. परंतु निवासाची खरी परीक्षा स्वागतकक्षात नव्हे, तर मोरीच्या मागील बाजूस होते. रात्रीचे प्रखर दिवे, ध्वनिवर्धक व उघड्यावर टाकलेले उष्टे अन्न यांचेही तसेच आहे. उष्ट्याला सोकावलेले माकड वा रानडुक्कर पुढे जवळच्या शेतात उतरते, आणि त्याची किंमत पाहुणा नव्हे, शेतकरी मोजतो.

दुसरा प्रश्न एका लहानशा प्राण्याचा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली देशातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. या सर्वेक्षणाच्या काळात तळेवाडीनजीकच्या बारापेडे गुहेत एक अपरिचित वटवाघूळ आढळले. १९१३ साली लंडन येथील प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्यास दिले. याचे शेपूट पंखाच्या पडद्याबाहेर मोकळे असते आणि कान मोठे, पुढे झुकलेले असतात. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जगात हे वटवाघूळ केवळ याच एका गुहेत असल्याचे ज्ञात होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते मेघालय व कंबोडिया येथेही आढळले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यास स्थान आहे. वटवाघळांच्या मादीस बहुधा वर्षास एकच पिल्लू होते. विजेरीचा झोत, धूर वा आरडाओरड यांमुळे गुहेतील वसाहत उठली व पिल्ले खाली पडली, तर ती हानी भरून येण्यास वर्षे लागतात. म्हणून मुक्कामास येणाऱ्या विद्यार्थ्यांना या वटवाघळाची गोष्ट अवश्य सांगावी. गुहा दाखविण्याचा आग्रह धरू नये.

उपरोक्त अधिनियमानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो व तो अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन तसेच तेथील रहिवाशांशी असलेला कायदेशीर व्यवहार अशा कारणांसाठी मिळतो. व्यापारी स्वरूपाची पर्यटक निवासे व हॉटेले राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वसंमतीवाचून अभयारण्यात उभारता येत नाहीत. परंतु हाच कायदा तेथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांनाही लागू आहे, आणि येथे विषय अधिक गंभीर होतो.

गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, कृष्णापूर, देगाव ही गावे या रानातच वसलेली आहेत. भात व नाचणी पिकवावी, पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचा शिधा घरात भरावा, ओढ्यावर साकव घालावा, हा त्यांचा परिपाठ. पक्का रस्ता व वीज यांचा प्रश्न त्यांच्यासाठी दीर्घकाळ अनुत्तरित राहिला, कारण रस्ता रुंद करणे वा तारा ओढणे म्हणजे वन तोडणे. २०२४ च्या पावसाळ्यात आमगाव येथील एका आजारी स्त्रीस ग्रामस्थांनी खांद्यावरून वाहून रस्त्यापर्यंत आणले. शहरातील पाहुण्यास दोन दिवस दिवा नसणे हा आनंद वाटतो; गावकऱ्यास तो जन्मभराचा अंधार आहे. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हा सहलीच्या पत्रकांतील आवडता शब्दप्रयोग या गावांत फारसा ऐकू येत नाही.

तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी स्थलांतरास संमती दिली. प्रत्येक कुटुंबास १५ लाख रुपयांचे साहाय्य ठरले असून त्यांपैकी १० लाखांचा पहिला हप्ता मे २०२५ मध्ये देण्यात आला. संमती हा येथील कळीचा शब्द होय. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ अन्वये संकटग्रस्त वन्यजीव अधिवासातून पुनर्वसन करावयाचे झाल्यास वनहक्कांची मान्यता आधी पूर्ण व्हावी लागते व ग्रामसभेची माहितीपूर्ण, स्वेच्छेची संमती लेखी घ्यावी लागते. ज्या कुटुंबाचा दावा नोंदलाच गेला नाही, त्याला आपण काय सोडतो आहोत हे सांगता येत नाही. म्हणून शिक्षक व ग्रामसेवक यांनी दाव्याचे अर्ज भरण्यास केलेले साहाय्य हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे ठरेल.

जी गावे अद्याप रानात आहेत, त्यांच्या व निसर्ग शिबिराच्या दरम्यान व्यवहाराची वाट खुली आहे. शिबिरातील नाचणीची भाकरी व तांदूळ त्याच गावांतून यावेत, वाटाड्याचे काम तेथील तरुणांकडे असावे व त्यांची मजुरी त्याच दिवशी चुकती व्हावी. या तरुणांस धनेश कोणत्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो, नर मादीस ढोलीच्या फटीतून फळे कधी भरवू लागतो, कोणत्या ओढ्याचे पाणी चैत्रातही आटत नाही, हे ठाऊक असते. शिबिराच्या नोंदवहीत पाहुण्यांची नावे, गावे व मुक्कामाचे दिवस लिहिले जातात. त्याच वहीत वाटाड्याचे नाव, त्याला दिलेली मजुरी आणि त्या दिवशी वापरलेले पाणी यांसाठी तीन रकाने आखण्यास नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.