दुकानासाठी कोणतं सिम घ्यायचं? जाहिरातीतला स्पीड नको, गल्ल्यावरचा स्पीड मोजा



व्हिडिओ बघून इथे आला असाल, तर वही-पेन जवळ ठेवा. व्हिडिओत मी दुकानात फिरून मोजणी दाखवली आहे. इथे तीच पद्धत सविस्तर लिहून देते, म्हणजे तुम्हाला तुमच्या दुकानात, गाड्यावर किंवा घरगुती व्यवसायात ती जशीच्या तशी करता येईल.

"ताई, सगळ्यात फास्ट नेटवर्क कुठलं?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. मी उलट विचारते, "कुठे बसून? किती वाजता? आणि कशासाठी?" या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर कुठल्याही कंपनीचं नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

माझी चूक आधी सांगते

बार्शीत आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जुन्या वाड्याचा गाळा, दीड-दोन फुटांच्या दगडी भिंती. दुकानासाठी नवीन सिम घेताना मी दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून स्पीड टेस्ट केली. आकडा तीनशेच्या वर आला. मी खूश! लगेच वर्षभराचा रिचार्ज मारला. गल्ल्यावर बसून एकदाही तपासलं नाही.

जून महिना उजाडला. शाळा सुरू व्हायचा आठवडा, म्हणजे आमची दिवाळीच. संध्याकाळी सातला दुकान भरलेलं. एका काकूंनी नातीच्या वह्या-पुस्तकांचे ६४० रुपये स्कॅन करून भरले. स्पीकर बोलला नाही. माझं ॲप नुसतं गोल फिरत राहिलं. काकू म्हणाल्या, "अगं, माझे पैसे कापले गेले बघ." मी म्हटलं, "काकू, माझ्याकडे नाही आले अजून." मागे रांग लागलेली. शेवटी त्यांनी पिशवीतून रोख काढून दिले.

रात्री घरी गेल्यावर ॲप उघडलं. पैसे त्याच मिनिटाला आले होते! मी रात्रीच रिफंड केलं, दुसऱ्या दिवशी माफीही मागितली. पण त्या काकू आजही आल्या की रोखच देतात. म्हणतात, "तुझ्या मशीनचा भरवसा नाही गं."

६४० रुपये परत देता आले, भरवसा नाही. म्हणून हा धडा.

बाहेर तीनशे आणि आत दोन, असं का होतं?

मोबाईलचं नेटवर्क रेडिओ लहरींवर चालतं. या लहरींचे वेगवेगळे बँड असतात. सोपा नियम लक्षात ठेवा:

- ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे खालचे बँड. लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. पण त्यांच्यावर खूप मोठा स्पीड मिळत नाही.
- २३००, २५००, ३३०० मेगाहर्ट्झ हे वरचे बँड. स्पीड भरपूर, पण भिंत, स्लॅब, लोखंडी शटर आलं की दम तोडतात.

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि त्याचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडवर आहे. म्हणून रस्त्यावर ५जी धावतं आणि आतल्या खोलीत फोन गुपचूप ४जीवर येतो. २०२२ च्या लिलावात ७०० चा बँड फक्त जिओने घेतला. एअरटेल आणि व्हीआयकडे काही ठिकाणी ९०० चा बँड आहे. पण तुमच्या गल्लीजवळच्या टॉवरवर कुठली कंपनी कुठला बँड चालवते, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. ते मोजूनच कळतं.

दुसरं कारण गर्दी. टॉवरची क्षमता म्हणजे गावची पाण्याची टाकी. सगळ्यांनी एकाच वेळी नळ सोडले की प्रत्येकाला धार बारीक. सकाळी अकराला छान चालणारं नेट संध्याकाळी सातला रडतं ते यामुळे. आणि आपला धंदा तर सातलाच असतो!

"महाराष्ट्रात नंबर १" म्हणजे नक्की कुठे?

जाहिरातीत किंवा रिपोर्टमध्ये महाराष्ट्राचा आकडा दिसला की थांबा. टेलिकॉमच्या हिशोबात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवासुद्धा येतो, आणि मुंबई त्यात येत नाही. मुंबई, नवी मुंबई, ठाणे-कल्याण पट्टा ही वेगळी मुंबई सर्कल आहे. म्हणजे सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंतच्या सगळ्यांचा मिळून एक आकडा. त्यात तुमचा गाळा कुठे शोधणार?

रिपोर्ट वाईट नसतात. ते कंपन्यांची साधारण तुलना सांगतात. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशेही द्यावे लागतात. ते जरूर बघा, कुठली कंपनी यादीतून आधीच काढायची ते कळेल. बीएसएनएललाही जुन्या अनुभवावरून बाद करू नका. त्यांचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर अधिकृतपणे सुरू झालं आहे, तेव्हा आज काय मिळतं ते तपासा. पण शेवटचा निकाल तुमच्या गल्ल्यावर लागतो.

सात दिवसांची मोजणी

एकही सिम विकत घ्यायची गरज नाही. शेजारचा दुकानदार, आपला कामगार, घरातली माणसं यांच्याकडे मिळून तीन-चार कंपन्यांची सिम निघतातच. दहा मिनिटं फोन मागा, चहा पाजा. शक्यतो एकाच हँडसेटमध्ये सिम बदलून मोजा, कारण जुना फोन आणि नवा फोन यांचे आकडेच वेगळे येतात.

१. तीन जागा. गल्ला, आतली खोली किंवा गोदाम, आणि दार. घरपोच माल देत असाल तर डिलिव्हरीच्या रस्त्यावरची एक जागा वाढवा.

२. तीन वेळा. सकाळी ११, दुपारी ४, संध्याकाळी ७. बाजाराचा दिवस या आठवड्यात आलाच पाहिजे. लाइट गेली की लगेच एकदा आणि तासाभराने एकदा जास्तीची मोजणी करा. टॉवर बॅटरीवर किती टिकतो ते तेव्हाच कळतं.

३. पाच गोष्टी वहीत लिहा.

- सिग्नल: फोनमधल्या दांड्यांवर जाऊ नका. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो (काही फोनमध्ये जागा थोडी वेगळी असते). आकडा उणे असतो. ४जीवर उणे ८५ म्हणजे छान, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ म्हणजे कठीण.
- डाउनलोड: ट्रायचं मायस्पीड किंवा ऊक्लाचं स्पीडटेस्ट ॲप वापरा. पण सगळीकडे एकच ॲप. आज हे, उद्या ते, असं नको.
- अपलोड: याकडे कुणी बघत नाही, खाली सांगते का बघायचं.
- पिंग: तुमचा फोन विचारतो आणि तिकडून उत्तर येतं, त्याला लागणारा वेळ. जितका कमी तितकं चांगलं.
- खरं काम: घरच्या माणसाला एक रुपया यूपीआयने पाठवा आणि किती सेकंद लागले ते घड्याळ लावून लिहा. पाचांपैकी सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच.

एक सूचना: ५जीवर एक स्पीड टेस्ट काहीशे एमबी डेटा खाऊ शकते. दुसऱ्याच्या फोनवर करत असाल तर आधी सांगा, नाहीतर चहा महागात पडेल!

वही कशी वाचायची?

समजा गल्ल्यावरचे तीन वेळचे डाउनलोड असे आले. पहिलं सिम: १२०, ९० आणि संध्याकाळी ०.४. दुसरं सिम: १५, १२ आणि संध्याकाळी ८.

पहिल्याची सरासरी ७० च्या आसपास, दुसऱ्याची १२ पण नाही. सरासरी बघणारा पहिलं घेईल. दुकानदाराने दुसरं घ्यावं. कारण ०.४ वाल्या संध्याकाळीच रांग लागलेली असते. प्रत्येक सिमचा सगळ्यात वाईट आकडा बघा आणि त्यात जो बरा तो निवडा. बीबीएला आम्हाला सरासरी काढायला शिकवलं. गल्ल्याने शिकवलं की धंदा सरासरीवर नाही, वाईट तासावर बुडतो.

आणि आपल्याला स्पीड लागतो तरी किती? यूपीआयच्या एका व्यवहाराला अगदी किरकोळ डेटा लागतो. तिथे स्पीडपेक्षा नेट सलग टिकणं आणि पिंग कमी असणं महत्त्वाचं. बिलिंग ॲपचंही तेच. मालाचे फोटो, रील, व्हिडिओ टाकत असाल किंवा कॅमेरा घरून बघत असाल तर अपलोड हवा. हिशोब करा: १०० एमबीचा व्हिडिओ म्हणजे ८०० मेगाबिट. अपलोड ८ एमबीपीएस असेल तर १०० सेकंदांत जातो, १ एमबीपीएस असेल तर १३ मिनिटांच्या वर लागतात. एमबी आणि मेगाबिट यात आठपटीचा फरक आहे, जाहिरात वाचताना हा घोळ करू नका.

गिऱ्हाइकाचं नेटवर्क कोण बघणार?

हा मुद्दा माझ्याही खूप उशिरा लक्षात आला. गिऱ्हाईक स्कॅन करतं तेव्हा पैसे पाठवायला त्याच्या फोनला नेट लागतं. तुमच्या फोनला आणि स्पीकरला नेट लागतं ते पैसे आल्याचं कळायला. म्हणजे तुमचं सिम कितीही भारी असलं तरी तुमच्या गाळ्यात एखाद्या कंपनीचा सिग्नल पोचत नसेल, तर त्या कंपनीचं प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्याकडे अडकणार.

म्हणून मोजणी सगळ्या कंपन्यांची करायची. आमच्या वहीत दिसलं की गल्ल्यावर अडखळणारी सिम दारापाशी व्यवस्थित चालतात. मी काय केलं? क्यूआरचा स्टँड उचलून दारालगतच्या टेबलावर ठेवला. एक रुपया खर्च नाही! तुमच्याकडे ब्रॉडबँड असेल तर गिऱ्हाइकांसाठी वेगळा गेस्ट वायफायही ठेवता येतो. बिलिंगचा वायफाय मात्र कुणाला देऊ नका.

स्पीकर बसवायला माणूस आला की त्यात कुठल्या कंपनीचं सिम आहे ते विचारा. स्पीकरला स्वतःचं सिम असतं, तुमच्या फोनचं नेट चांगलं म्हणून त्याचं चांगलं असेलच असं नाही.

दुसरं सिम ठेवा, पण डोळसपणे

एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे बॅकअप नाही. कंपनी वेगळी हवी. त्यातही मेख आहे. बऱ्याच ठिकाणी टॉवर इंडस टॉवर्ससारख्या कंपनीचा असतो आणि दोन-तीन मोबाईल कंपन्या त्यावर भाड्याने असतात. त्या टॉवरची वीज गेली की सगळ्याच बंद. म्हणून लाइट गेल्यावरची मोजणी नीट बघा. दोन्ही सिम एकदमच मेली असतील तर ती जोडी बदला.

नंबर न बदलता कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट लिहून, एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० ला मेसेज करा. येणारा कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावं लागतं. बँकेला जोडलेला नंबर सणाच्या आठवड्यात पोर्ट करू नका. बदलाच्या वेळी काही तास सेवा बंद राहते आणि ओटीपी अडकतात. आणि माझ्यासारखा वर्षाचा रिचार्ज पहिल्या दिवशी नको. आधी महिनाभर वापरा.

तरीही नेट गेलं तर?

गल्ल्याशेजारी हा नियम लिहून लावा, कामगारालाही समजावा:

- स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत. आपल्या ॲपमध्ये किंवा खात्यात दिसले तरच आले.
- पण दिसले नाहीत म्हणून गिऱ्हाईक खोटं बोलतंय असंही नाही. दाराबाहेर जाऊन किंवा दुसऱ्या सिमवर तपासा.
- तरीही कळलं नाही तर व्यवहाराचा १२ अंकी नंबर आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर वहीत लिहा. ओळखीच्या माणसाकडून दुसऱ्यांदा पैसे घेऊ नका.
- गिऱ्हाइकाच्या खात्यातून कापले गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जायला हवेत. हे शांतपणे सांगितलं की निम्मं भांडण मिटतं.

माझ्याकडे त्या संध्याकाळी हा कागद असता, तर मी काकूंना म्हटलं असतं, "तुम्ही जा काकू, नंबर लिहून ठेवला आहे." एवढ्याने काम झालं असतं.

या आठवड्याचं काम: वहीत रकाने आखा, सात दिवस मोजा, प्रत्येक सिमचा सगळ्यात वाईट आकडा लाल पेनाने गोल करा. मगच रिचार्ज. आणि मोजणी वर्षातून दोनदा करा, कारण नवा टॉवर येतो, समोर नवी बिल्डिंग उभी राहते आणि जुना निकाल बदलतो.

चला, गल्ल्यावर बसा आणि मोजायला लागा. भेटू पुढच्या धड्यात!