काळ्या डागाला आधी कारण विचार

चि. मुक्ता हिस,


तुझ्या दातांच्या दवाखान्यात लग्न ठरलेल्या मुली हिरड्या गुलाबी करून मागतात, त्यांना काय सांगू, असं विचारलंस. आधी प्रत्येकीला हे सांग की तिच्या हिरडीत काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे हिरडीवर तपकिरी-काळा पट्टा सर्रास असतो. तो दोन्ही बाजूंना सारखा, लहानपणापासूनचा आणि सपाट असेल, तर तो तिचा जन्मजात रंग आहे. तरीही तिला हवंच असेल, तर लेझरने काढता येतो, पण तो काही काळाने परत येऊ शकतो, हे आधी कानावर घाल. आणि रंग खरवडण्यापूर्वी तो कशाचा आहे हे ठरव. आज लिहायला बसले ते एवढ्याचसाठी.

तोंड बघायचं म्हणजे दात बघायचे नव्हेत. कवळी असेल तर ती काढायला लावायचीच. ओठ उलटा कर, जीभ गॉजने धरून दोन्ही कडा बघ, टाळूवर उजेड टाक. डाग निळा-जांभळा दिसला तर काचेची स्लाइड त्यावर हलकेच दाब. रंग फिका पडला तर आत रक्तवाहिनी आहे, अशा ठिकाणी खुर्चीवर सुरी लावायची नाही. चांदी भरलेल्या दाताशेजारी करडा-निळा सपाट ठिपका असेल तर एक्स-रे काढ. धातूचे पांढरे कण दिसले की प्रश्न मिटला. मात्र कण फार बारीक असले तर एक्स-रेत येत नाहीत, म्हणून कण दिसले नाहीत एवढ्यावर 'चांदी नाही' असं ठरवू नकोस.

मग विचारपूस. खालच्या पुढच्या हिरडीचा काळेपणा वाढला असेल तर विडी-सिगारेट विचार. सोडल्यावर तो हळूहळू उतरतो. मशेरीचं बायका आपणहून बोलत नाहीत. 'दात कशाने घासता?' असं सहज विचारलं की कळतं. गोळ्यांची चिठ्ठी मागून बघ. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर टाळू करडी-निळी पडू शकते.

मोठ्या माणसाच्या गालाच्या आत, जिभेवर, हिरडीवर नव्याने काळे चट्टे आले आणि सोबत वजन उतरतंय, उठताना घेरी येते, मीठ खावंसं वाटतं, तर ते दाताचं काम नाही. थॉमस ॲडिसनने 1855 मध्ये वर्णन केलेला अधिवृक्क ग्रंथींचा आजार तो. आपल्या देशात क्षयाने या ग्रंथी निकामी झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून पूर्वी टीबी झाला होता का ते विचार, रक्तदाब घे आणि फिजिशियनकडे पाठव. त्याआधी दात काढायची घाई केलीस तर त्या ताणाने पेशंट कोसळू शकतो. मुलाच्या ओठांवर ठिपक्यांची गर्दी दिसली, तर पोटदुखी आणि शौचातलं रक्त विचार. आतड्यात पॉलिप असू शकतात.

चेहराही तुझ्याच समोर असतो. दोन्ही गालांवर, कपाळावर वांग आलेल्या बायका मेडिकलमधून 'गोरं करायची' ट्यूब आणून महिनोन्‌महिने लावतात. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. कातडी पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते. ती ट्यूब बघायला माग आणि तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठव. पापणी-गालावर एकाच बाजूला निळसर करडेपणा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातही तोच रंग असेल, तर डोळ्यांचा दाब तपासून घ्यायला सांग. म्हाताऱ्या माणसाच्या नाकाशेजारची चमकदार काळी गाठ, जिच्यावर खपली धरते, पडते, पुन्हा धरते, तिला तीळ समजून सोडू नकोस. आपल्या कातडीतला बेसल सेल कॅन्सर पुष्कळदा काळाच दिसतो.

मेलॅनोमा तोंडात क्वचितच होतो. पण होतो तो बहुधा टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर, आणि सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे पेशंटला पत्ताच नसतो. एकाच डागात दोन-तीन छटा, वेड्यावाकड्या कडा, फुगवटा, रक्त, शेजारचा दात हलणं, यांतलं एकही दिसलं तर 'बघू सहा महिन्यांनी' म्हणायचं नाही. त्याच दिवशी पट्टी शेजारी धरून फोटो घे, मानेच्या गाठी चाचपून बघ आणि परळच्या टाटा रुग्णालयात किंवा जवळच्या कर्करोग केंद्रात चिठ्ठी देऊन पाठव. तुकडा तिथेच घेऊ दे. संशय नसलेला पण कारण न सापडलेला लहान डाग मात्र तू पूर्ण काढू शकतेस. काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे, सोबत जागा, डाग किती दिवसांपासून आहे, तंबाखू, औषधं लिहून. पेशंटचा नंबर वहीत ठेव. रिपोर्ट आला की तूच फोन कर. पेशंट गावाकडून परत येईल याची वाट बघत बसू नकोस.

तुझी,
आत्या