आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक

अगं, रडून घे हवं तेवढं, पण चॅट उडवू नकोस. “फोटो व्हायरल करीन” असा मेसेज आला की आपला हात पहिल्यांदा डिलीटकडेच जातो. घरात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तू जे पुसशील, तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा. त्याचं नाव, नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घे. प्रोफाइलची लिंक जपून ठेव. ब्लॉक त्यानंतर.

पैसे मात्र एक रुपयाही द्यायचे नाहीत. एकदा दिलेस की ही देते हे त्याला कळतं, आणि आठवड्याभरात पुन्हा मागणी येते.

तुला त्याच्यापेक्षा घरच्यांची भीती जास्त आहे, ठाऊक आहे मला. “पाठवलासच कशाला?” हे आई विचारणारच. विचारू दे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिचं कलम 77 आईला दाखव. खासगी क्षणाचा फोटो काढायला बाईची संमती होती, पण तो इतरांना दाखवायला नव्हती, तरी पसरवणारा गुन्हेगारच. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. आणि आता पाठवावा तरी कुठे लागतो! गॅदरिंगचा साडीतला फोटो उचलून एआयनं नको ते बनवतात मेले. तेव्हा “ती मी नव्हेच” हे सगळ्यांना पटवत बसू नकोस, तक्रार कर.

1930 वर फोन लाव किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लिही. तिथे बायका-मुलांच्या तक्रारी नाव न देताही घेतात. पण माझं ऐकशील तर नाव दे, नाहीतर पुढे काय झालं ते तुला बघता येत नाही. चौकीत “हे आमच्या हद्दीत येत नाही” म्हणाले, तर “झिरो एफआयआर घ्या” एवढंच म्हण. हद्द कुठलीही असो, नोंदवावी लागते.

फोटो पसरण्याआधीच अडवायचा असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सोय आहे. फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तो फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कुणी चढवला की त्यांना तो ओळखून काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र याचा उपयोग नाही. फोटो अठरा वर्षांच्या आतल्या वयातला असेल तर ‘टेक इट डाउन’ वापरायचं. अशा वेळी पॉक्सो कायदाही लागतो, म्हणजे प्रकरण आणखी गंभीर.

आईला आजच सांग. एकटीनं नको, मी फोनवर आहे. दादाला तक्रार नोंदवल्यावर सांगू. आधी कळलं तर तो मित्रांना घेऊन त्या मुलाच्या दारात जाईल, आणि चौकीत आपल्याला दादाच्या जामिनासाठी बसावं लागेल.