ससिकरक्षण लीळा आणि शिकारी श्वानाचे जीवित

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची ससिकरक्षणाची लीळा पंथातील आबालवृद्धांना परिचित आहे. शिकाऱ्यांच्या श्वानांपुढे धावून व्याकुळ झालेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरला. मागून आलेले श्वान तेथेच थबकले. त्यांच्यामागून शिकारी आले आणि हा पैजेचा ससा आहे म्हणून तो मागू लागले. शरण आलेल्याला येथे मरण नाही, असे अभय देऊन स्वामींनी त्यांना निरूपण केले. मग जानू उचलून सशाला आदराने निरोप दिला.

या लीळेचे विवरण बहुधा शरणागताचे रक्षण या अंगाने केले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु ससा आणि शिकारी यांच्याखेरीज तेथे आणखी एक जीव उभा होता, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे धापा टाकीत थांबलेला श्वान. (लीळेत ‘पारधी’ हा शब्द शिकार करणारा या अर्थाने येतो. आज त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजावर इंग्रजी अमदानीत गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला होता व तो कायद्याने १९५२ साली पुसला गेला. प्रवचनात ही लीळा सांगताना त्या समाजाकडे बोट जाणार नाही, ही काळजी वक्त्याने घ्यावी.)

येथे अशी शंका घेतली जाते की, श्वान तर हिंसेचे प्रत्यक्ष साधन. सशाचा वैरी तोच. मग अहिंसाधर्मी साधकाने त्याची चिंता का वाहावी? या शंकेचे समाधान लीळेच्या रचनेतच आहे. निरूपण झाले ते शिकाऱ्यांना, श्वानांना नव्हे. धर्माधर्माचा विवेक मनुष्यदेहातच संभवतो. श्वान धावला, कारण त्याला सोडणारा हात मनुष्याचा होता. पैजही मनुष्याचीच होती. पैज जिंकल्याचे सुख श्वानाला नाही, हरल्याचा रोष मात्र त्याच्याच पाठीवर उतरतो.

शिकारी श्वान हा निसर्गात सहज उपजलेला प्राणी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मनुष्याने तो घडविला. दख्खनच्या पठारावरचा कारवानी कुत्रा पाहावा: लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, उंच सडपातळ पाय. वासापेक्षा दृष्टीने भक्ष्य हेरून तो त्याच्या मागे धावतो. मुधोळ संस्थानात जोपासल्या गेलेल्या याच जातीच्या कुत्र्याचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले. पण ज्या गुणांसाठी त्याची प्रशंसा होते, तेच गुण त्याला बेवारस स्थितीत दुबळा करतात. अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ. थंडी सोसत नाही, काट्याकुट्याने अंग फाटते, उपासाने तो लवकर खंगतो. धावताना पाय मोडला वा पंजा फाटला की धन्याच्या लेखी त्याचा उपयोग संपला.

उपयोग संपल्यावर त्याचे काय होते, हे स्पेन देशात आजही पाहावयास मिळते. तेथे ‘गाल्गो’ नावाचा, आपल्या कारवानी कुत्र्यासारखाच कृश व वेगवान श्वान आहे. सशामागे दोन गाल्गो सोडायचे आणि त्यांत सरस कोण हे ठरवायचे, अशा स्पर्धा तेथे भरतात. लीळेतील पैजेहून ही गोष्ट फारशी निराळी नाही. हा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन जानेवारीच्या अखेरीस सरतो. तो सरला की मंद झालेले, जायबंदी झालेले किंवा मनासारखे न धावलेले कुत्रे रस्त्यावर सोडले जातात. कित्येक विहिरीत टाकले गेले, कित्येकांना झाडाला फास देऊन मारले गेले. टाकलेल्यांतले बरेचसे अवघ्या दोन-तीन वर्षांचे असतात. अशा श्वानाचे आयुष्य बारा वर्षांच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे किती आयुष्य बाकी असता त्याला टाकले जाते ते कळते. तेथील भूतदयावादी मंडळी अशा कुत्र्यांना उचलून आणतात, औषधोपचार करतात आणि इतर देशांतील कुटुंबांतही त्यांची सोय लावतात.

२०२३ साली स्पेनमध्ये प्राणिरक्षणाचा नवा कायदा झाला. मूळ मसुद्यात शिकारी कुत्रेही होते. संमत होताना त्यांना वगळण्यात आले. क्रौर्याबद्दलचा दंडविधान तेथे त्यांनाही लागू आहे, हे खरे. परंतु घरातल्या कुत्र्याला जे संरक्षण मिळाले ते शेतावरच्या शिकारी कुत्र्याला मिळाले नाही. एकाच जातीच्या जीवात मनुष्याने आपल्या सोयीने केलेला हा भेद धर्मदृष्टीला मान्य होण्यासारखा नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला. त्याने शिकारीला बंदी केली, आणि कुत्रा मागे घालून वन्य प्राण्याला पळविणे हेही शिकारीतच मोडते. त्याआधीच्या १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाने, उपासमारीने वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा अपराध ठरविला. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हाही. पहिल्या अपराधाचा दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच आहे. पन्नास रुपयांच्या भयाने कोणी श्वानाला सांभाळील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तेथे धर्मभयच कामास येते.

आता वासनिकांच्या दृष्टीने जो प्रश्न खरोखर अवघड आहे, त्याकडे वळावे. एखादा गृहस्थ उपदेश घेतो, शिकार सोडतो. दारात दोन कुत्रे बांधलेले आहेत. त्यांचे काय करावे? व्यवहारात तीन मार्ग दिसतात. पहिला, दुसऱ्या शिकाऱ्याला विकणे. हिंसा करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्ही प्रकारांनी घडते. शिकाऱ्याच्या हाती कुत्रा देऊन पैसा घेणाऱ्याने करणे सोडले, पण करविणे सोडले नाही. उलट त्याचे मोलही घेतले. दुसरा मार्ग, रानात नेऊन सोडणे. हा मार्ग पुष्कळांना निर्दोष वाटतो, कारण आपल्या हातून कोणी मेले नाही असे मनाला सांगता येते. वस्तुतः भुकेला श्वान पोटासाठी ससा मारील, हरणाच्या पाडसावर धावेल, वस्तीतल्या शेळीवर पडेल आणि शेवटी काठीने किंवा गाडीखाली मरेल. शिकारी असताना जी हिंसा हंगामापुरती होती, ती आता रोजची झाली. आणि तिचे मूळ रानात सोडणाऱ्या हातातच आहे.

तिसरा मार्ग त्याला अखेरपर्यंत पोसण्याचा. तो खर्चाचा आहे, कष्टाचा आहे, आणि त्यात कौतुक कोणी करीत नाही. परंतु शिकारत्यागाचा संकल्प पूर्ण होतो तो याच मार्गाने. कुत्र्याला रानाकडे मोकळा न सोडता दोरीने धरून फिरवावे. हिवाळ्यात अंगाखाली पोते वा गोधडी घालावी. रेबीजची लस टोचावी. नवी वीण होऊ नये म्हणून पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. पोसणे अगदीच अशक्य असेल, तर जो शिकार करीत नाही आणि करू देणार नाही अशाच घरी तो द्यावा, आणि अधूनमधून जाऊन पाहून यावे.

भिक्षुकाची गोष्ट वेगळी. त्याला संग्रह नाही, म्हणून श्वान पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि ज्या गावात सशामागे कुत्रे सोडण्याची चाल अजून चोरून चालते, तेथे ही लीळा सांगताना ती सशाच्या निरोपापाशी संपवू नये. शिकारी परतले तेव्हा श्वानही त्यांच्याच मागून परतले असतील. त्या रात्री त्यांच्यापुढे भाकरी पडली की नाही, हे श्रोत्यांना विचारावे, आणि उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्यावे.