काटकोनाची आखणी : बांधकामाचा पहिला हिशेब

छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा पाहावयास येणाऱ्यांची दृष्टी घुमटावर आणि मनोऱ्यांवर खिळून राहते. ही वास्तू ज्या आवारात उभी आहे, त्या आवाराच्या मापाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर असा हा विस्तीर्ण आयत असून मुख्य वास्तू त्याच्या मध्यभागी आहे. १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वास्तूच्या प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आढळतात. एवढ्या मोठ्या जागेची आखणी करताना एखादा कोपरा काटकोनापासून केवळ एक अंशाने ढळला, तरी २७५ मीटरच्या टोकाशी सुमारे ४.८ मीटरची चूक होते. घुमट कितीही देखणा असला, तरी त्याच्या शोभेचा आरंभ जमिनीवर ठोकलेल्या खुंट्यांपासून झालेला असतो.

जी गोष्ट मकबऱ्याची, तीच दोन खोल्यांच्या घराची. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण अन्वये घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविण्यात आले आहे. इतक्या लहान घरात वाया घालविण्याजोगी जागा नसते, आणि एकदा भरलेला पाया सरकविताही येत नाही. म्हणून आखणीच्या दिवशी खर्च केलेला एक तास पुढील अनेक दिवसांचे श्रम आणि पैसा वाचवितो.

बाजू समान, तरी घर तिरके

समोरासमोरच्या बाजू समान भरल्या म्हणजे आयत झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. ६ मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद घराचे उदाहरण घेऊ. मागील भिंतीच्या दोन्ही खुंट्या चुकून एकाच दिशेस ३० सेंटिमीटर सरकल्या, परंतु चारही बाजूंची मापे मात्र तीच राहिली, असे समजा. टेपने बाजू मोजणाऱ्यास कोणतीही चूक दिसणार नाही. क्षेत्रफळही २७ चौरस मीटरऐवजी २६.९४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तेवढेच भरेल. पण समोरासमोरचे कोपरे जोडणारे दोन कर्ण मोजले, तर एक सुमारे ७.७४ मीटर आणि दुसरा सुमारे ७.२६ मीटर भरेल. खऱ्या आयतात दोन्ही कर्ण ७.५० मीटर असावयास हवेत. बाजूंनी आणि क्षेत्रफळाने जी चूक लपविली, तीच कर्णांनी ४८ सेंटिमीटरच्या फरकाने उघड केली.

अशी चूक जोत्यापर्यंत तशीच राहिली, तर तिचा भुर्दंड पुढे प्रत्येक कामात पडतो. छपराचे पत्रे एका बाजूस भिंतीबाहेर जातात व दुसऱ्या बाजूस अपुरे पडतात. भिंतीलगतच्या ओळीतील प्रत्येक फरशी तिरकी कापावी लागते. कपाट वा पलंग कोपऱ्यात नीट बसत नाही.

आखणीची रीत

प्रथम रस्त्यास किंवा जागेच्या हद्दीस समांतर अशी ६ मीटरची अब ही पायारेषा पक्की करावी. अ या खुंटीपासून ४.५ मीटर आणि ब या खुंटीपासून ७.५ मीटर अंतरावर दोन टेप जेथे एकमेकांस मिळतील, तेथे ड ही खुंटी ठोकावी. त्याचप्रमाणे ब पासून ४.५ मीटर आणि अ पासून ७.५ मीटर अंतरावर क ही खुंटी येईल. आता क आणि ड यांमधील अंतर मोजावे. ते बरोबर ६ मीटर भरले, तर आखणी बिनचूक आहे असे समजावे.

घराचे माप वेगळे असल्यास प्रत्येक कोपऱ्यावर ३, ४ आणि ५ यांचा त्रिकोण साधावा. बौधायनाच्या शुल्बसूत्रात हे प्रमाण आयताच्या बाजू व कर्णाच्या संदर्भात आलेले आहे. शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे. जागा असेल तेथे ६, ८ आणि १० असा मोठा त्रिकोण घेणे अधिक चांगले. ६० सेंटिमीटरच्या गुण्यात दोन मिलिमीटरची चूक असेल, तर ६ मीटरच्या भिंतीच्या टोकाशी ती २० मिलिमीटर होते. त्रिकोण जितका मोठा, तितकी चूक लहान.

कर्ण जुळत नसतील, तर पायारेषा हलवू नये. मागील दोन्ही खुंट्या, मोठा कर्ण ज्यायोगे कमी होईल त्या दिशेस, सारख्याच सरकवाव्यात आणि बाजू पुन्हा मोजाव्यात. केवळ कर्ण समान असणेही पुरेसे नाही. समोरासमोरच्या बाजूही समान हव्यात.

काही सावधगिरी

सुती दोरी ताणाने लांबते आणि ओली झाल्यास तिचे माप बदलते. म्हणून रेषेसाठी दोरी व मापासाठी पोलादी टेप वापरावी. उतारावर टेप जमिनीलगत न धरता पाणसळीत धरून ओळंब्याने बिंदू खाली उतरवावा. ४.५ मीटरच्या अंतरात अर्धा मीटर उतार असेल, तर जमिनीलगतच्या मोजणीत जवळजवळ तीन सेंटिमीटरची चूक होते. पायाच्या खोदाईत कोपऱ्यावरील खुंट्या नाहीशा होतात. त्यामुळे प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांस, खोदाईपासून मीटरभर दूर, साक्षीच्या खुंट्या ठोकून ठेवाव्यात. जोत्याच्या पातळीवर कर्ण पुन्हा तपासावेत.

माप बाहेरून, आतून की भिंतीच्या मध्यरेषेवरून धरावयाचे, हे गवंड्याशी आधीच ठरवावे. बाहेरून ६ बाय ४.५ मीटर असलेल्या घराच्या भिंती २३ सेंटिमीटर जाडीच्या असतील, तर आत वापरावयास सुमारे २२.४ चौरस मीटर जागाच उरते.

जागा घेताना

हाच नियम भूखंड खरेदी करणाऱ्यासही उपयोगी आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. २० मीटर व १५ मीटर बाजूंचा भूखंड आयत असेल, तर तो ३०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीन गुंठे भरतो, आणि त्याचा कर्ण बरोबर २५ मीटर येतो. पण त्याच बाजूंचा भूखंड पाच मीटरने तिरका असल्यास क्षेत्रफळ सुमारे २८३ चौरस मीटरच भरते. खरेदीदाराचे सतरा चौरस मीटर, म्हणजे एका ऐसपैस खोलीहून अधिक जागा, केवळ लांबी-रुंदीच्या गुणाकारात नाहीशी होते. अशा जागेचा एक कर्ण मोजून तिचे दोन त्रिकोण करावेत आणि त्यांची क्षेत्रफळे मिळवावीत.

यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. टेप, दोरी, खुंट्या आणि ओळंबा एवढे साहित्य प्रत्येक गवंड्यापाशी असते. घरमालकाने आखणीच्या वेळी स्वतः उपस्थित राहून टेपचे एक टोक हाती धरावे आणि दोन्ही कर्ण जुळल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच खोदाईस प्रारंभ करू द्यावा.